बावीस पॉइंटचे शरणप्पा

चांदपाशानं स्पेसबार एकोणतीस वेळा दाबला. गुरुलिंगप्पांनी मोजलं होतं. मोजायचं कारण काही नव्हतं. पण शेजारच्या स्टुलावर बसून दुसऱ्याच्या पडद्याकडं बघत राहायचं म्हणजे माणसानं करायचं तरी काय? ‘नवीन जिल्हा झालाच पाहिजे’ ही ओळ डाव्या कडेपासून इंच इंच सरकत पानाच्या मधोमध आली. पाशानं मान तिरपी करून तिच्याकडं बघितलं आणि आणखी एकदा बटण दाबलं. तीस.

“हां. अब आली सेंटरला,” तो म्हणाला.

तो उन्हाळा असा होता की लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि अहमदपुरात नव्या जिल्ह्याची बातमी पायी पायी आली होती. सरकार नवे जिल्हे करणार म्हणे. बातमी कुणी आणली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती खरी असणार असं सगळ्यांचं मत पडलं. तिसऱ्या दिवशी कृती समिती झाली. अध्यक्ष अर्थातच शरणप्पा. मोंढ्यात त्यांची आडत होती, आणि चाळीस वर्षं लिलाव पुकारून त्यांना हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. ते कानात सांगायचे तेसुद्धा बसस्टँडवर ऐकू यायचं. उपाध्यक्ष गुंडप्पा. त्यांचं काम शरणप्पा बोलले की “हाव, बराबर” म्हणायचं. ते काम ते मन लावून करत.

आणि निवेदन लिहायला गुरुलिंगप्पा. वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल, वय एकाहत्तर.

“आप्पा, तुमी जिंदगीभर बुकं वाचली,” शरणप्पा म्हणाले होते. “आता जरा लिव्हा की. सोमवारी पाहणी पथक येऊन राहिलंय. म्याडमच्या हातात असं निवेदन ठिवू की वाचता वाचता जिल्हा देतील!”

“हाव, बराबर,” गुंडप्पा म्हणाले.

गुरुलिंगप्पांना नाही म्हणता येत नसे. हो सुद्धा त्यांना नीट म्हणता येत नसे. ते नुसता चष्मा पुसत, आणि लोक त्याचा हवा तो अर्थ घेत. पण या खेपेला त्यांच्या मनात एक हेतू होता, आणि तो त्यांनी समितीला सांगितला नव्हता. निवेदनाच्या शेवटी एक परिशिष्ट असणार होतं: टँकर न पोचणाऱ्या सदतीस वस्त्या. त्यातली छत्तिसावी बोरवस्ती.

बोरवस्तीत त्यांची थोरली बहीण पार्वतम्मा राहत होती. वस्ती एकतीस उंबऱ्यांची. जिल्ह्याची हद्द म्हणजे एक नाला, असं नकाशात होतं. पण फार मागं एका पुरात नाल्यानं कूस बदलली, आणि वस्ती होती तिथंच राहून अलीकडची पलीकडं गेली. अहमदपूरकडचे म्हणत, तुम्ही नाल्यापल्याडचे, कंधारकडं जा. कंधारकडचे म्हणत, नकाशात तुम्ही नाल्याअल्याड आहात, अहमदपूरला जा. दोघांचंही खरं होतं. नाल्यात पाणी असतं तर तो कुठून वाहतो हे तरी दिसलं असतं. दोन वर्षांत त्यात थेंब नव्हता, त्यामुळं आपण नक्की कुठं आहोत हे आता खुद्द नाल्यालाही सांगता आलं नसतं. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची पार्वतम्मा दीड कोसावरच्या एका बोअरवरून घागर आणत होती.

गुरुलिंगप्पा त्यासाठी चार वेळा कचेरीत गेले होते. चारही वेळा खिडकीपाशी पोचल्यावर त्यांना वाटलं, साहेब कामात आहेत, उगाच कशाला. ते चष्मा पुसून परत आले. तोंडानं जमत नव्हतं ते कागदावर जमेल, एवढीच त्यांची आशा होती.

तर, चांदपाशा.

बसस्टँडसमोर त्याचं डीटीपीचं दुकान. पंचवीस वर्षांत अर्ध्या तालुक्याच्या लग्नपत्रिका त्याच्या हातून गेल्या होत्या. त्याचं एक तत्त्व होतं, आणि ते तो गिऱ्हाइकाला आधीच सांगे: “मी अक्षर बघतो, मजकूर बघत न्हाई.” लोक सोयरिकीचे, भांडणाचे, कोर्टाचे कागद आणतात, पाशा ते वाचायला लागला तर गावात राहायचं कसं? म्हणून तो अक्षराची मात्रा बघे, काना बघे. अक्षरं मिळून काय म्हणतायत तिकडं तो पाठ करी. मोठा सभ्य माणूस. या सभ्यतेनं पुढं काय घात केला तो येईलच.

निवेदन पहिल्यांदा एकतीस पानं झालं. समिती बघायला आली. आता, आपल्याकडं छापील नावाला मान असतो. पत्रिकेत मामाचं नाव काकापेक्षा एक सूत बारीक आलं तर मामा अक्षताला येत नाही. तीच नजर घेऊन समिती पडद्यापुढं उभी राहिली.

“आमच्या गावाचं नाव एवढंसं? खालच्या वाडीचं बघा केवढं हाय,” गुंडप्पा म्हणाले. तेवढंच वाक्य ते स्वतःच्या मनानं बोलले.

पाशानं गुंडप्पांचं गाव मोठं केलं. मग बाकीची छत्तीस. एकेक नाव निवडायचं, मोठं करायचं, ठळक करायचं, मध्ये सरकवायचं. त्यात दुपारी दोन तास वीज गेली. संध्याकाळी शरणप्पा आले आणि म्हणाले, “ही गावं माझ्या नावापेक्षा मोठी कशी? बारीक करा.” दुसऱ्या दिवशी पाशानं सदतीस गावं बारीक केली. तिसऱ्या दिवशी कचेरीतल्या आवक कारकुनानं निरोप धाडला की बारा पानांपेक्षा जास्त काही मॅडम हातात धरत नाहीत.

“आप्पा,” पाशा हात जोडून म्हणाला, “आता पुन्ना सगळं बारीक करायचं म्हणलं तर मी दुकान इकतो आन कंधारच्या किल्ल्यात फकीर होऊन बसतो. नक्को.”

त्या दुपारी गुरुलिंगप्पा वाचनालयात गेले. कुलूप उघडायची मुभा त्यांना अजून होती. तांत्रिक विभागाच्या तळाच्या फळीवर त्यांनीच एके काळी मागवलेलं एक जाडजूड पुस्तक होतं: संगणकावर लेखन कसं करावं याचं. मागची चिठ्ठी कोरी होती. म्हणजे हे पुस्तक आजवर कुणीही नेलं नव्हतं, आणि ते मागवल्याबद्दल कार्यकारिणीनं त्यांना एकदा सुनावलंही होतं. गुरुलिंगप्पांनी रीतसर नोंद करून पहिल्यांदा ते घरी नेलं.

अकराव्या प्रकरणात त्यांना ‘शैली’ भेटली.

गोष्ट इतकी साधी होती की आपल्याला ती कळली यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी प्रकरण पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मथळ्याला एकेकदा सजवत बसायचं नाही. एकदा ठरवून टाकायचं: अशा अशा मथळ्याचं अक्षर एवढं, जागा एवढी; आणि त्या ठरावाला एक नाव द्यायचं. मग जिथं जिथं ते नाव लावू तिथं तिथं तो ठराव लागू. ठराव बदलला की सगळं निवेदन आपोआप बदललं! इतकंच नव्हे, एक शैली दुसरीवर आधारता येत होती. थोरली वाढली की धाकटी वाढायची. हे म्हणजे वंशावळच की!

“निवेदनाला वळण लावतो,” ते बायकोला, नीलाबाईंना म्हणाले.

“घरातला माठ गळतोय त्याला वळण लावा आधी,” नीलाबाई म्हणाल्या. घरातलं शेवटचं वाक्य नेहमी त्यांचंच असे.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता गुरुलिंगप्पा पाशाच्या स्टुलावर नव्हे, खुर्चीवर बसले. पाशा चहाचा कप धरून मागं उभा राहिला. शेजारचा पानवाला, एसटीचा कंट्रोलर आणि अर्धापूरच्या केळ्यांचा एक व्यापारी असे तिघे सल्ला द्यायला आले. केळीवाला म्हणाला, लाल रंग द्या, सरकारचं लक्ष लालकडं जातं. कंट्रोलर म्हणाला, काही रंग देऊ नका, सरकार लाल बघितलं की पळतं. गुरुलिंगप्पांचे कान लाल झाले, पण ते उठले नाहीत. एका बोटानं त्यांनी पहिली शैली केली. संगणकानं नाव विचारलं.

इथं ते अडले. पुस्तकात नावं होती ती इंग्रजी आणि आकड्यांची. ती त्यांच्या ध्यानात राहीनात. मग त्यांनी ग्रंथपालाला शोभेल असा विचार केला: जे ज्याच्यासारखं, त्याला त्याचं नाव. मुख्य मथळा बावीस पॉइंट, ठळक, मधोमध, वरखाली ऐसपैस जागा घेणारा. त्यांनी लिहिलं: शरणप्पा. उपमथळा त्याच्यावर आधारित, चार पॉइंटनं कमी: गुंडप्पा. चौकटीतला मजकूर, महिरप आवडणारा: चांदपाशा. तळटीप, बारीक, तिरपी, पानात सगळ्यात शेवटी येणारी: नीलाबाई. ही यादी कुणाला दिसायची नव्हती. संगणकाच्या पोटातली ती खासगी गोष्ट, असं त्यांना वाटलं.

मग वस्त्यांच्या नोंदींची शैली. ती कशावर आधारू, असं संगणकानं विचारलं. गुरुलिंगप्पा बराच वेळ पडद्याकडं बघत बसले. मग त्यांनी निवडलं: आधार कुणाचाच नाही. बारा पॉइंट, साधं, सरळ. नाव: पार्वतम्मा.

दुपारपर्यंत एकतीस पानांची बारा झाली. पाशानं कप खाली ठेवला. “या अल्ला,” तो म्हणाला, “मी पंचवीस साल काय करून राहिलो?”

पण सुख बाराच मिनिटं टिकलं. गुंडप्पा आले, आणि गुरुलिंगप्पा पाणी प्यायला उठलेत हे बघून पाशाच्या कानाशी लागले. पाशा भिडेला बळी पडला. त्यानं छत्तिसांना न विचारता गुंडप्पांचं गाव तेवढं निवडलं आणि जाड, मोठं, लाल केलं. गुरुलिंगप्पांनी उत्साहाच्या भरात ‘आपोआप अद्ययावत’ या चौकटीत खूण केलेली होती. एका क्षणात सदतीसच्या सदतीस गावं जाड, मोठी आणि लाल झाली.

“हे काय?” गुंडप्पा घाबरले. “मी माझंच म्हणलो होतो!”

“आता एकाला मान दिला की सगळ्यांना जातो,” गुरुलिंगप्पा दारातून म्हणाले. आपण हे मोठ्यानं बोललो हे कळल्यावर ते स्वतःच दचकले. पण नावं पुन्हा साधी, बारा पॉइंटची करून खूण काढताना त्यांच्या मनात आलं, काढावी का? आयुष्यात इतका न्याय त्यांच्या हातून पूर्वी कधी झाला नव्हता.

सोमवार उजाडला. पथक अकराला विश्रामगृहावर येणार होतं. नऊला वीज गेली, दहाला आली. गुरुलिंगप्पा पाशाला म्हणाले, “निवेदनाच्या चार प्रती. आणि एक प्रत शैलींची काढ, माझ्यापुरती. वहीला चिकटवून ठेवतो. प्रिंटच्या खिडकीत ‘शैली’ म्हणून निवडायचं, बस.”

पाशानं घाईघाईत निवडलं. यंत्रानं कागद ओकायला सुरुवात केली. संगणकाच्या स्वतःच्या शैलीही काही कमी नसतात. त्या सगळ्या धरून शैलींच्या यादीची पानंही अकरा-बारा भरली. जाडी तीच. एकाच्या चार झाल्या आणि चारांची एक. पाशानं अक्षर बघितलं, काना बघितला, मात्रा बघितली. मजकूर बघितला नाही. चार प्रतींना निळं कव्हर, स्पायरल. एक सुटी प्रत टाचून गुरुलिंगप्पांच्या कापडी पिशवीत.

“एकदा उघडून बघू का?” गुरुलिंगप्पांनी विचारलं.

तेवढ्यात शरणप्पा आले. “बघायचं काय त्यात? आदी महादेवाला दावू!” असं म्हणून त्यांनी चारही प्रती उचलल्या. पिंडीपुढं ठेवल्या, भस्म लावलं, बेल वाहिला आणि लाल फडक्यात गाठ मारून बांधल्या. देवापुढून आलेली गाठ साहेबाच्या हातानंच सुटायला पाहिजे. ती आधी सोडणं म्हणजे अपशकुन. गुरुलिंगप्पा विश्रामगृहापर्यंत त्या गाठीकडं बघत चालले. त्यांना शंका येत होती. पण शंका त्यांना रोजच येई, तेव्हा आजच्या शंकेला वेगळा मान कसा द्यायचा?

पथकाच्या प्रमुख उमादेवी मॅडम धुळीनं थकून आल्या होत्या. शरणप्पांनी भाषण केलं. शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. मॅडमनी गाठ सोडली, बेलाचं पान बाजूला ठेवलं आणि निळं कव्हर उघडलं. पहिली दोन पानं त्यांनी भराभर उलटली. मग थांबल्या.

“हे काय आहे?” त्या म्हणाल्या.

“वाचा म्याडम, मोठ्यानं वाचा!” शरणप्पा म्हणाले. “सगळ्यांला ऐकू द्या.”

कागदावर नावं मराठी होती, वर्णन इंग्रजी. मॅडम ते मराठीत करून वाचू लागल्या.

“शरणप्पा. आकार बावीस. जाड. नेहमी मधोमध. वर आणि खाली जास्तीची जागा लागते.”

शरणप्पा पुढं वाकून कागदात बघू लागले.

“गुंडप्पा. शरणप्पावर आधारित. स्वतःचं काही नाही, फक्त आकार चारनं कमी.”

“हाव, बरा—” गुंडप्पा सवयीनं म्हणाले आणि थांबले.

मागून कुणीतरी फुसकन हसलं. मग कुणाला हसू आवरेना. “चांदपाशा. चारही बाजूंनी चौकट. नीलाबाई. बारीक, तिरपी, पानाच्या तळाशी.” कंट्रोलर खांबाला धरून खाली बसला. शरणप्पांचा चेहरा मिरचीच्या पोत्यासारखा झाला होता. गुरुलिंगप्पा खांबाआड सरकत होते. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण त्या उन्हाळ्यात धरणी आधीच इतकी भेगाळली होती की तिच्याकडं नव्यानं काही मागायची सोय नव्हती.

मॅडम हसत नव्हत्या. त्यांचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं होतं.

“पार्वतम्मा,” त्यांनी वाचलं. “आधार: कुणाचाच नाही.” त्यांनी मान वर केली. “ही कोण?”

शरणप्पांनी बोट दाखवलं, “त्या आप्पाला इचारा! त्यानंच केलंय हे सगळं.”

सगळ्या माना खांबाकडं वळल्या. गुरुलिंगप्पांनी चष्मा काढला. पुसायला उपरण्याचं टोक हातात घेतलं. मग त्यांनी पुसला नाही; तसाच धुळीचा चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि खांबाआडून बाहेर आले.

“माझी अक्का हाय,” ते म्हणाले. “बोरवस्तीला. हे जे तुम्ही वाचलं ते निवेदन न्हाई, चूक माझी हाय. अक्षराच्या आकाराची यादी हाय ती. पण म्याडम, तिच्यापुढं लिव्हलंय ते खरं हाय. नाला सरकला तवापासून वस्ती इकडं न्हाई आन तिकडं न्हाई. एकतीस घरं हायत. टँकर न्हाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई दीड कोस घागर आणते. मी चार येळा खिडकीपर्यंत आलो आन परत गेलो. आज न्हाई जात.”

“लेखी आहे काही?”

गुरुलिंगप्पांनी पिशवीत हात घातला. निदान काहीतरी द्यावं म्हणून शैलींची समजून ठेवलेली प्रत बाहेर काढली, की मागं कोऱ्या बाजूवर लिहून देऊ. ते निवेदन होतं. एकुलतं एक. पान अकरा, छत्तिसावी नोंद, बारा पॉइंट, साधं, सरळ: घरं किती, माणसं किती, जनावरं किती, पाणी किती अंतरावर.

मॅडमनी ती उभ्या उभ्या दोनदा वाचली. मग टाचणी काढून अकरावं पान तेवढं घडी करून पर्समध्ये ठेवलं.

“बाकीचं रीतसर आवकला द्या,” त्या म्हणाल्या आणि ड्रायव्हरला विचारलं, “बोरवस्ती किती लांब आहे?”

आठवडाभर शरणप्पा गुरुलिंगप्पांशी बोलले नाहीत. म्हणजे गावात आठवडाभर बरीच शांतता होती. आठव्या दिवशी ते स्वतः घरी आले, ओट्यावर बसले, खाकरले.

“आप्पा, ते बावीस म्हंजे सगळ्यात मोठं ना?”

“हो.”

“मोंढ्यात लोक म्हणायलेत, शरणप्पा बावीसचे हायत म्हणून.” ते जरा जवळ सरकले. “चोवीस होत न्हाई का?”

आतून नीलाबाई म्हणाल्या, “आन मला तळाला घातलं त्याचं काय?”

“सगळ्यात शेवटी तूच असतीस,” गुरुलिंगप्पा म्हणाले.

“तसं असंल तर ऱ्हाऊ द्या,” नीलाबाई म्हणाल्या, आणि ते शेवटचं वाक्य ठरलं.

जिल्हा झाला नाही. निवेदनाची अकरा पानं आवकला पडून आहेत, क्रमांक पडला असेल. पण त्या आठव्या दिवशीच दुपारी गुरुलिंगप्पा बोरवस्तीला गेले तेव्हा चिंचेखाली टँकर उभा होता, आणि ड्रायव्हर रजिस्टर घेऊन पार्वतम्मेपुढं अडला होता.

“आजी, अंगठा देताव का सही? आन जिल्हा कोणता लिव्हू?”

“आदी पाणी वत,” पार्वतम्मा म्हणाली. “जिल्हा मागनं बघू.”

तिनं घागर नळीखाली धरली. भावाला बघून ती हसली.

“गुरू, त्या म्याडम जीपमधनं आल्या आन माझंच नाव घेऊन इचारत आल्या. कुठं वाचलं म्हणे त्यांनी?”

“कागदावर, अक्का. मीच लिव्हलं होतं.”

“मोठ्या अक्षरात?”

गुरुलिंगप्पा ओशाळले. “न्हाई. साध्याच.”

“मंग बरं केलास,” घागर भरत आली तशी ती कड पुसत म्हणाली. “मोठ्या अक्षरातलं कोण वाचतंय?”